केडगाव ते राहुरी : चार दिवस आणि एक बेबाकी दाखला

गुरुवार

स्वारगेटहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो आणि पहिला वाद तिकिटावरून झाला. कंडक्टरनं आत्याचं आधार कार्ड पाहिलं, मशीनवर दोनदा बोट आपटलं आणि शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातात दिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं कुणाचं काही फुकट घेतलेलं नाही, ती सुरुवात एसटीपासून कशाला करेल? "मास्तर, निम्मं तरी घ्या की." कंडक्टर म्हणाला, "आजी, मशीनच घेत नाही," आणि पुढं सरकला. परत आला तेव्हा तिनं डब्यातला रव्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. मगच ती टेकून बसली.

मी एका पतसंस्थेत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा वसुलीला. मे महिन्यात निवृत्त झालो. आत्याचं म्हणणं, आता तुला वेळ आहे तर मला एकदा माझा जुना मुलूख दाखवून आण : केडगाव, नगर, हरेगावची यात्रा आणि रविवारी राहुरीला उपासना. सगळं एसटीनं, कारण कारमध्ये तिला मळमळतं.

हडपसर सुटेपर्यंत 'सोनेतारण कर्ज'चे फलक मी सवयीनं मोजत होतो. आमच्या घरात 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी राहायचा. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहून तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटकेबद्दल, बोलायचे आणि सोमवारी मी तारणाची पिशवी सील करून तिजोरीत ठेवायचो. मंगळसूत्र, दोन बांगड्या, कानातली फुलं, वजन, कॅरेट, सही. लहानपणी माझ्या मुलीनं विचारलं होतं, "बाबा, येशू आपलं तारण आहे म्हणजे आपण त्याला बँकेत ठेवलाय का?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

चौफुल्याला उतरलो. इथली कलाकेंद्रं प्रसिद्ध, सकाळी मात्र सगळं निजलेलं. रिक्षा करून केडगावला गेलो. (नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे. निघण्यापूर्वी फोनवर आमच्या नगरच्या भावाचा त्यावरून पुरता गोंधळ झाला. आमचं केडगाव हे दौंड तालुक्यातलं, गुळाचं.) हवेत गुऱ्हाळाचा गोड-जळका वास होता. मुक्ती मिशनच्या फाटकाशी आल्यावर आत्या रिक्षातून उतरायच्या आधीच बोलायला लागली : इथं चिंच होती, इथं आम्ही रांगेत उभ्या राहायचो. ती इथल्या शाळेत शिकली. पण आमच्या घराचं मुक्तीशी नातं त्याआधीचं. तिच्या आईची आई इथं दुष्काळात आली होती.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबाळी, विधवा घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरुणपणी अशाच एका दुष्काळात आईवडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते, त्यानंतर त्या आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले होते. पुण्यातलं शारदा सदन पुरेना, म्हणून केडगावच्या या माळरानावर विहिरी खोदल्या, छपरं उभी केली आणि त्या जागेला नाव दिलं मुक्ती. आमच्या पणजीला आपलं गाव ठाऊक नव्हतं. नर्मदा एवढाच शब्द तिला आठवायचा. तो नदीचा होता की आईच्या नावाचा, हेही ती सांगू शकायची नाही.

"आजी काय म्हणायची माहितीये?" आत्या म्हणाली. "लोक विचारायचे, बाई, तुझं तारण कधी झालं? बाकीच्या तारीख सांगायच्या, अमक्या सभेत, तमक्या रात्री. आजी म्हणायची, माझं तारण भाकरीच्या दिवशी झालं. बाईंनी भाकरी दिली आणि मी विचारलं, किती घर झाडायचं? तर बाई म्हणाल्या, आधी खा."

तिथल्या एका ताईंनी आम्हांला सगळं दाखवलं. अंध मुलींसाठीचं सदन, आणि समाजानं बाहेर टाकलेल्या स्त्रियांसाठीचं कृपासदन. त्या दुसऱ्या सदनाची मुळं दूर इंग्लंडात आहेत. रमाबाई तिथं असताना फुलहॅम इथं सिस्टर्सचं अशाच स्त्रियांसाठीचं काम त्यांनी पाहिलं आणि चकित होऊन विचारलं, तुम्ही यांच्यावर एवढी माया का करता? उत्तर म्हणून एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. १८८३ साली वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी सात-आठ वर्षं लागली. एवढी विदुषी, कलकत्त्यानं 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली, आणि फुकटात मिळणारी गोष्ट घ्यायला तिलाही इतकी वर्षं लागली. मला हे वाचून नेहमी धीर येतो.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. इथल्याच बायकांनी खिळे जुळवले, इथल्याच छापखान्यात ते छापलं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ग्रंथ पुरा छापून आला १९२४ला. आत्यानं त्या जाड पानांवरून हात फिरवला. वाचलं नाही, चष्मा पिशवीत होता. मग कबरीपाशी उभी राहून तिनं दोन मिनिटं डोळे मिटले आणि मला म्हणाली, "चल, शिरूरची गाडी चुकेल."

न्हावऱ्यावरून शिरूर, शिरूरहून नगर. पाऊस. माझ्या डुलक्या.

शुक्रवार

कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आत्या आणि रिक्षावाला दोघंही नगरच म्हणतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला नगर म्हणजे आजोळ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथं १८३१मध्ये आले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथंच १८४२ला सुरू झालं. इथंच सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतिरावांनी पुण्यात जाऊन काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. ह्यूम मेमोरियल चर्चच्या आवारात थोडा वेळ बसलो. भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला, चांदबिबीचा महाल लांबून डोंगरावर दिसला तेवढा. आत्याला रस होता तो फक्त कापडबाजारात.

कापडबाजारातच एक गृहस्थ दिसले आणि मी चपापलो. ते नव्हते, पण चेहरा तसाच. बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण. एका टेम्पोवाल्यानं आमच्याकडून कर्ज घेतलं आणि गाव सोडलं. जामीनदार कोण, तर शाळेतला एक शिपाई. वसुलीत असं असतं की कर्जदार सापडेना की आपण जामीनदाराकडं वळतो, कारण त्याचा पत्ता पक्का असतो आणि पगारही. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला आणला, पगारातून कपात लावली. लोक अशा वेळी शिव्या देतात, रडतात, पुढाऱ्याचा फोन आणतात. हा माणूस साडेचार वर्षं दर महिन्याला कपात सोसत राहिला. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, बेबाकी दाखला द्या. पण त्याच्या नावावर द्या. परत आला तर त्याला कुणी अडवायला नको." मी विचारलं, तुम्हांला राग नाही येत? म्हणाला, "सही केली तेव्हाच पैसे गेले असं धरलं होतं."

त्या रविवारी इब्री लोकांस पत्राचं वाचन होतं आणि त्यात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. हा शब्द मी शंभरदा ऐकला असेन. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माझ्या टेबलावरच्या फॉर्ममधला शब्द म्हणून ऐकू आला. फॉर्ममध्ये खाली तीन ओळी असतात : कर्जदार थकल्यास संपूर्ण रक्कम मी देईन, माझ्या मिळकतीवर बोजा चढवण्यास माझी हरकत नाही. लोक न वाचता सही करतात. येशूनं वाचून केली, एवढाच फरक, असं माझ्या मनात आलं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुम्हीच का नाही एकदा प्रवचन करत? मी नाही केलं. वसुली अधिकाऱ्याच्या तोंडून कृपेचं प्रवचन कोण ऐकणार? मंडळीत आमचे सहा खातेदार होते.

संध्याकाळी भावाच्या घरी प्रार्थनासभा. पंधरा-वीस माणसं, सतरंज्या, पेटी, नंतर चहा आणि कांदेपोहे. वाचन मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं, दहा हजार तालांतांचं देणं असलेल्या चाकराचं. राजा त्याचं सगळं कर्ज सोडतो आणि हा बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्या चाकराची मानगूट धरतो. सवय जाईना, मी मनात हिशोब मांडला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. म्हणजे राजाचं येणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. "मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन," असं तो म्हणतो तेव्हा कुठलाही वसुलीवाला हसेल; मुदतवाढ देऊन हे खातं फिटणारं नाही. पण दुसऱ्याचं देणंही खोटं नव्हतं. शंभर दिवसांची मजुरी, तीन-चार महिन्यांचा घरखर्च. त्या चाकराचा हात उगीच नाही मानेकडे गेला. प्रवचनांत ते शंभर दीनार नेहमी चिल्लर करून सांगतात. ज्याचे बुडाले त्याला विचारा.

माझे साठ हजार बुडाले. आत्याच्या मुलानं नेले होते, रसवंतीच्या मशीनसाठी. मशीन आलं नाही, पैसेही नाही, आणि तीन वर्षांपूर्वी तोच गेला. त्याच्या मातीच्या वेळी मी सगळ्यांदेखत आत्याला म्हणालो, ते पैसे मी सोडलेत. लोकांनी मान डोलावली. सतरंजीवर आत्या माझ्या शेजारीच बसली होती आणि वाचन संपेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, निर्लेखित. खातं थकून थकून वसूल होण्याची आशा उरली नाही की ते निर्लेखित करतात, ताळेबंदातून काढून टाकतात. बाहेरच्याला वाटतं, माफ झालं. माफ होत नाही. वसुली चालूच राहते, फक्त पुस्तकात दिसत नाही. घरी माझ्या कपाटात एक निळी वही आहे. तिच्यात आतेभावाचं पान आहे, तारखांसकट. ते मी फाडलेलं नाही.

शनिवार

तारकपूर स्थानकावरून श्रीरामपूरची गाडी. पुन्हा शून्याचं तिकीट, पुन्हा लाडू. या कंडक्टरला मधुमेह होता, त्यानं नम्रपणे परत केला. आत्या राहुरी येईपर्यंत अस्वस्थ.

श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनवर पाटी मात्र बेलापूरची, नवख्या माणसाची हमखास फसगत. तिथून हरेगाव. बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्यामुळे वसलेलं गाव. कारखाना बंद पडून काळ लोटला, पण सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला गाव माणसांनी फुटतं. आठ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना. जालन्या-संभाजीनगराकडून चालत आलेल्या पदयात्रा, टेम्पोच्या टपावर झेंडे, पाळणे, भेळ, शिट्ट्या, चिखल. कपाळावर कुंकू असलेल्या बायकाही रांगेत होत्या, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

आम्ही मंडळीवाले, म्हणजे प्रोटेस्टंट. मरियेपुढे मेणबत्ती लावणं आमच्यात बसत नाही. लहानपणी वडील याविषयी पाऊण तास बोलू शकत. आत्यानं तीस रुपयांच्या तीन मेणबत्त्या घेतल्या.

"आत्या, आपल्यात चालतं का?"

"ती आई आहे ना? तिचाही पोरगा गेलाच की."

यावर मी काय बोलणार?

रांगेत आमच्या पुढे एक ऊसतोड करणारं जोडपं होतं, बाईच्या कडेवर वर्षाचं लेकरू. पाच वर्षांनी झालं म्हणाली. नवस फेडायला आलो. कोंबडा विकून दानपेटीत टाकायचे पैसे आणले होते, ते रुमालाच्या गाठीत. मी ज्या पंथात वाढलो त्यात या नवसाला नाकं मुरडतात : देवाशी सौदा कसला, कृपा विकत मिळते का? बरोबरच आहे. पण त्या बाईचा चेहरा सौदा करणाऱ्याचा नव्हता. अठरा वर्षं मी हप्ता भरायला येणाऱ्यांचे चेहरे पाहिलेत, तो चेहरा मला ओळखता येतो. हिला फेडायचं नव्हतं, हिला कुठंतरी काहीतरी द्यायचं होतं, नाहीतर एवढं मोठं लेकरू कडेवर घेऊन ती राहणार कशी? उलट, कृपा फुकट आहे असं दर रविवारी म्हणणारे आम्ही, लाडवांनी एसटीचं भाडं चुकतं करत फिरतोय.

पावसानं मेणबत्त्या विझत होत्या. लोक एकमेकांच्या मेणबत्तीवर पेटवून घेत होते. आत्याची तिसरी पेटेना. त्या बाईनं आपली पुढं केली.

रविवार

राहुरीचा सकाळचा बाजार उठायच्या आधी आम्ही चर्चमध्ये पोचलो. या गावात कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा इथंच १९०० साली झाला. नारायण वामनांनी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई दूर राहिल्या होत्या. पाच वर्षं लागली त्यांना, सोवळ्याओवळ्याचा एकेक धागा सोडवत. टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. लक्ष्मीबाई कुठल्या पुलावरून आल्या? मला वाटतं, त्या स्वयंपाकघरातून आल्या. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं इथून सुरुवात झाली आणि शेवट पाण्यातच झाला.

उपासनेत टिळकांचंच भजन निघालं. पेटीवाला मुलगा घाईत होता, म्हातारे मागं राहिले. मग प्रभूची प्रार्थना. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती ओळ अशी आहे : जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. इतर भाषांत तिथं कोण पाप म्हणतं, कोण अपराध. आमच्या मराठीनं ऋण हा शब्द धरून ठेवला आणि माझी पंचाईत केली. पापाबद्दल बोलताना माणूस मोघम राहू शकतो. ऋण म्हटलं की रक्कम आली.

मी 'सोडले आहे' या शब्दांपाशी थांबलो. शेजारी आत्याही थांबली होती. बाकी मंडळी पुढं गेली, राज्य, सामर्थ्य, गौरव आणि आमेन.

बाहेर सलाम-बिलाम झाले. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. आत्यानं पिशवीतून पाकीट काढलं आणि टेबलावर माझ्याकडं सरकवलं.

"अकरा आहेत. बाकीचे जमतील तसे. पेन्शनीतून."

"आत्या, मी सांगितलं होतं ना, सोडलेत म्हणून?"

"सांगितलंस. पण त्या दिवसापासून तू माझ्या घरी जेवला नाहीस."

खरं होतं. मला ते कळलंही नव्हतं. मी जातो, चहा घेतो, उठतो.

"सोडलेत तर लिहून दे," ती म्हणाली. "तुमच्यात देतात ना तसं."

मी वेटरकडून बिलाचा कोरा कागद मागून घेतला. हात आपोआप लिहीत गेला. दाखला देण्यात येतो की, अमुक यांचेकडील येणे असलेली संपूर्ण रक्कम निरंक झाली असून त्यांचेकडे किंवा त्यांचे वारसांकडे कोणतीही बाकी राहिलेली नाही, सबब हा बेबाकी दाखला. खाली सही, तारीख, राहुरी. पाकीट मी परत तिच्याकडं सरकवलं. तिनं पिशवीतला चष्मा काढून दोनदा वाचलं.

"शिक्का?"

"निवृत्त झालोय, आत्या."

तिनं मिसळीच्या ताटलीतल्या कटात अंगठा बुडवला आणि सहीशेजारी टेकवला. मग कागदाची घडी करून शास्त्रात ठेवली, पाकीट पिशवीत.

परतीच्या गाडीत आम्ही दोघंही झोपलो. खराडी बायपासला तिची मुलगी घ्यायला आली होती. लाडवांचा रिकामा डबा आत्यानं माझ्या हातात दिला, घासून परत कर म्हणाली.

घरी येऊन डबा उघडला तर आत पाकीट. फोन लावला.

"आत्या, हे काय? दाखला दिला ना मी?"

"दिलास. म्हणून तर ते कर्जाचे नाहीत. तुझ्या नातीला खाऊ. आणि परत आणून दिलेस तर बघ."

"अगं, अकरा हजारांचा खाऊ?"

"मी भाव विचारला का तुला?" म्हणाली आणि फोन ठेवला.

निळ्या वहीतलं ते पान मी त्याच रात्री फाडलं. पाकीट मात्र अजून तसंच आहे, कपाटात, वहीच्या शेजारी. कुठल्या खात्याला टाकावं कळत नाही. येत्या रविवारी आत्याकडे जेवायला बोलावलंय.